पोलंड: लढून मरायचं की टिकून राहायचं? आणि मुळात देश घालवला कोणी?

विस्तुलाकाठ
मी नोकरीनिमित्त वॉर्सात राहतो. दर १ ऑगस्टला संध्याकाळी पाचला इथे भोंगे वाजतात. १९४४ चा वॉर्सा उठाव त्या दिवशी त्या वेळी सुरू झाला, म्हणून. ट्राम जागच्या जागी थांबतात, गाड्यांतून माणसं उतरून उभी राहतात, काही तरुण पोरं लाल धुराच्या कांड्या पेटवतात. मिनिटभराने सगळं पुन्हा सुरू.

यंदा ते मिनिट संपलं आणि आमच्या हापिसातल्या दोघांची जुंपली. एक अस्सल वॉर्साचा, दुसरा पश्चिमेकडच्या, एके काळी प्रशियात असलेल्या पोझनानचा. पोझनानकर म्हणाला की, ज्या उठावात शहर बेचिराख झालं त्याचा सोहळा कसला करता? वॉर्साकर असा लाल झाला की मला वाटलं आता कॉफीचा मग फेकून मारतो. मग गाडी मागे मागे गेली: १८६३ आणि १८३० चे रशियाविरुद्धचे उठाव, १७९५ ची शेवटची फाळणी. दोघेही उच्चशिक्षित, दोघेही देशभक्त, आणि एकाही सालावर एकमत नाही.

इथल्या इतिहासप्रेमींना विचारतो. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया (तेव्हाचं एक जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रियाने पोलंड गिळला. पुढे १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, तो नकाशावर नव्हता. यात शेजाऱ्यांचा दोष किती आणि पोलिश सरदारांचा किती? आणि नंतर दर पिढीला जे उठाव झाले, त्यांनी देश जिवंत ठेवला की आणखी खड्ड्यात घातला?

बिनपाण्याचा न्हावी
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पहिल्या रांगेतली खुर्ची माझी.

कोरडा पाषाण
माझ्या मते दोष ऐंशी टक्के सरदारांचा. ज्या देशात राजा निवडणुकीने येतो आणि त्या निवडणुकीत परदेशी दरबार उघडउघड पैसा वाटतात, तो देश टिकणार कसा? त्यात 'लिबेरुम वेटो'. संसदेतला एक, अक्षरशः एक सभासद उठून 'मला मान्य नाही' म्हणाला की अख्खं अधिवेशन बरखास्त, आधी झालेले ठरावही रद्द. १६५२ मध्ये हे पहिल्यांदा घडलं आणि मग चटकच लागली. अठराव्या शतकात रशियाला सैन्य पाठवायची गरजच नसे, एक सभासद विकत घेतला की काम भागायचं. कर नाहीत म्हणून फौज नाही, आणि शेजारी प्रशियाचा फ्रेडरिक आणि रशियाची कॅथरिन. याला पारतंत्र्य लादलं म्हणत नाहीत, आमंत्रण दिलं म्हणतात.

शेवटचा राजा पोन्यातोव्स्की तर कॅथरिनचा जुना प्रियकर. तिच्याच पाठिंब्यावर गादीवर बसला.

सांजसावली
@कोरडा पाषाण, अर्धीच गोष्ट सांगितलीत. याच राजाच्या काळात ३ मे १७९१ ला पोलंडने लेखी राज्यघटना केली. युरोपातली पहिली आधुनिक लेखी घटना ती मानतात, फ्रान्सच्याही काही महिने आधीची. लिबेरुम वेटो त्यात रद्द, राजाची निवडणूक रद्द. म्हणजे घर पडायला आलंय हे घरातल्यांना कळलं होतं आणि त्यांनी डागडुजी काढली होती. शेजाऱ्यांना पडकं घर हवं होतं, दुरुस्त झालेलं नको होतं. कॅथरिनने पुढच्याच वर्षी फौज घातली ती गोंधळ माजलाय म्हणून नव्हे, गोंधळ संपेल या भीतीने.

आता हेही खरं की तिला बोलवायला काही पोलिश बडे सरदार गेले होते. त्यांचा तो 'तार्गोवित्सा' कट. आजही तिथल्या राजकारणात एकमेकांना तार्गोवित्सा म्हणून शिव्या घालतात. पण चार फितुरांवरून देशाचा निकाल लावायचा का?

जाता जाता: पहिल्या फाळणीवर संसदेने शिक्कामोर्तब करू नये म्हणून रेयतान नावाचा सभासद १७७३ मध्ये दारात आडवा पडला होता. मातेयको या चित्रकाराने १८६६ मध्ये त्याचं प्रचंड चित्र काढलं. अंगरखा फाडून उघड्या छातीने उंबऱ्यावर पडलेला रेयतान, आणि समोर पैसे खाल्लेले मानकरी दिमाखात उभे. आपल्याच पूर्वजांची लाज अशी चव्हाट्यावर मांडल्याबद्दल बऱ्याच पोलिशांना राग आला. चित्र विकत कोणी घेतलं? ऑस्ट्रियाच्या सम्राटाने, म्हणजे ज्यांनी लचका तोडला त्यांच्याच वारसाने! आता ते वॉर्साच्या राजवाड्यात आहे. विस्तुलाकाठ, पाहिलं नसेल तर जरूर पाहा.

शनिवारवाडा३०
हे वाचून आपली उत्तर पेशवाई डोळ्यांपुढे आली. तेच आपसातले हेवेदावे, तेच परक्याला घरात घेणं. खरं सांगायचं तर १८०२ साली वसईला जे

संपादक
पेशवाईवर या संस्थळावर पुरेसे धागे आहेत. वरचा प्रतिसाद तिथे हलवला आहे. इथे पोलंडवर बोला.

बिनपाण्याचा न्हावी
संपादकांचा लिबेरुम वेटो.

रेल्वेवेडा
पोलंडचा रेल्वे नकाशा कधी नीट पाहिलाय? पश्चिमेला रुळांचं दाट जाळं, आणि पूर्वेकडे सरकाल तसं विरळ. जुनी प्रशिया-रशिया सरहद्द रुळांवरून ओळखता येते. निवडणुकांच्या निकालाचे नकाशे रंगवले तरी त्या जुन्या रेषा वर येतात म्हणतात.

म्हणून 'परकी सत्ता' असं एकवचनात बोलणंच मला पटत नाही. तीन सत्ता, तीन तऱ्हा. प्रशियात कायद्याचं राज्य, पण कायदाच तुमच्या मुळावर. १९०१ मध्ये व्झेश्न्या गावात मुलांनी धर्माचा तास जर्मनमध्ये शिकायला नकार दिला म्हणून छड्या खाल्ल्या, आणि तक्रार करणाऱ्या आईबापांनाच शिक्षा झाल्या. ऑस्ट्रियाच्या गॅलिशियात दारिद्र्य भयंकर, पण १८६७ नंतर स्वायत्तता. क्राकुवचं विद्यापीठ पोलिश भाषेत चालायचं. रशियात फासावर लटकवणं आणि सैबेरिया.

आणि जिमाओवा नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट तर भन्नाट आहे. १९०४ च्या प्रशियन कायद्याने पोलिश माणसाला स्वतःच्या जमिनीवर घर बांधायची परवानगी मिळेना. याने सर्कशीवाल्यांची असते तशी चाकांची गाडी आणली आणि शेतात संसार थाटला. एका जागी मुक्काम केला तर ते घर ठरेल, म्हणून गाडी रोज थोडी पुढेमागे ढकलायची. अख्खं प्रशियन साम्राज्य त्या गाडीमागे नोटिसा घेऊन फिरत होतं.

कोरडा पाषाण
हा जिमाओवा माझा हिरो. लढला, पण कोणाची मुंडकी उडवली नाहीत की कोणाच्या पोराला मरायला पाठवलं नाही.

गावकूस
इतका वेळ वाचतोय. राजा आला, सरदार आले, चित्रकार आला, सम्राट आला. नांगर धरणारा फक्त जिमाओवाच्या गाडीतून डोकावला.

जो 'पोलंड' बुडाला त्यात 'आपला देश' म्हणायचा हक्क साधारण दहातल्या एकाला होता, तो म्हणजे श्लाख्ता, खानदानी वर्ग. बाकी बहुतेक कुळं. जमीनदाराच्या शेतात आठवड्याचे ठरलेले दिवस फुकट राबायचं, त्याच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, त्याच्याच भट्टीतली दारू प्यायची. अशा माणसाला वॉर्सातला राजा गेला आणि पीटर्सबर्गचा आला याचं सुतक का पडावं?

फेब्रुवारी १८४६ चं उदाहरण घ्या. गॅलिशियात सरदार मंडळींनी ऑस्ट्रियाविरुद्ध उठावाची तयारी केली आणि शेतकऱ्यांना म्हणाले, चला स्वातंत्र्यासाठी. तार्नुवच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी कोयते-कोयत्या उचलल्या आणि सरदारांनाच कापून काढलं. हजाराच्या आसपास माणसं मारली, शेकडो वाडे लुटले. याकुब शेला त्यांचा म्होरक्या. ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी चिथावणी दिली हे खरं, पण नुसत्या चिथावणीने कोणी शेजारच्या वाड्यातल्या मालकाला करवतत नाही. त्यामागे पिढ्यांचा हिशेब असतो.

वेठबिगारी कोणी संपवली तेही बघा. ऑस्ट्रियाच्या वाट्यात १८४८ मध्ये सम्राटाने, रशियाच्या वाट्यात १८६४ मध्ये झारने. परक्यांनी! राष्ट्राभिमानाच्या पोथीत हे पान चिकटवून टाकलेलं असतं.

सांजसावली
गावकूस, प्रतिसाद जोरदार, पण झारला समाजसुधारक करू नका. जानेवारी १८६३ मध्ये उठाव झाला त्याच दिवशी बंडखोरांच्या सरकारने जाहीरनामा काढून कुळांना जमिनीचे मालक केलं होतं. झारने वर्षभराने तेच केलं, कारण शेतकरी बंडखोरांच्या बाजूला जाईल ही भीती, आणि शिवाय पोलिश जमीनदाराचं कंबरडं मोडायचं होतं. त्याआधीच्या उठावाचा सेनापती कोश्चुश्को, त्यानेही १७९४ मध्ये पोवानिएत्सच्या जाहीरनाम्यात वेठ कमी केली होती आणि त्याच्या बाजूने शेतकरी कोयते सरळ करून, दांड्याला ठोकून लढले होते. म्हणजे उठाववाल्यांना गावाची आठवण नव्हती असं नाही.

गावकूस
आठवण होती, मान्य. पण गळ्याशी आल्यावरच. १७९१ च्या तुमच्या लाडक्या घटनेत कुळाला 'कायद्याचं संरक्षण' एवढाच मोघम शब्द आहे. वेठ तशीच चालू. सरदारांना सवड होती, सैन्य दारात नव्हतं, तेव्हा का नाही दिली जमीन?

सांजसावली
याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते तुम्हाला पटणार नाही. तेवढं केलं असतं तर घटना मंजूरच झाली नसती.

गावकूस
माझा मुद्दा तरी दुसरा काय आहे?

विस्तुलाकाठ
धागा चांगलाच तापलाय, धन्यवाद! पोझनानकर सहकाऱ्याला यातलं थोडंफार सांगितलं. रेल्वेचं ऐकून तो खूश. त्याचं दुखणं वेगळंच आहे. त्यांच्याकडे २७ डिसेंबर १९१८ ला उठाव झाला, आदल्या दिवशी पियानोवादक पादेरेव्स्की पोझनानला आला होता ते निमित्त. तो उठाव *जिंकला*. जर्मनांकडून जवळजवळ सगळा प्रांत सोडवला. पण शाळेत, सिनेमात, भाषणांत सगळीकडे हरलेले उठाव. त्या दिवसाला राष्ट्रीय सण करायला २०२१ उजाडलं. त्याचं म्हणणं, आमच्या लोकांनी आधी शंभर वर्षं पतपेढ्या, सहकारी संस्था, शेतकी मंडळं, वाचनालयं उभी केली, जर्मनांना त्यांच्याच कायद्यात राहून मात दिली, आणि योग्य वेळी बंदूक उचलली. वॉर्सावाल्यांनी आधी बंदूक उचलली आणि मग घड्याळ पाहिलं.

कोरडा पाषाण
त्याला माझ्यातर्फे एक चहा पाजा.

सांजसावली
आणि माझ्यातर्फे विचारा, रशियाच्या वाट्यात पतपेढी काढायची परवानगी तरी कोण देत होतं? प्रशियात कोर्टात जाता येत होतं, म्हणून पोझनानकर वकील झाला. वॉर्सात ती सोयच नव्हती. शिवाय १९१८ ला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशिया तिघेही एकाच वेळी कोसळले नसते तर पोझनानच्या त्या पतपेढ्या आजही मार्कातच व्याज देत असत्या.

पंचगंगेचा
आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे पोलंड म्हटलं की कान टवकारतात. वळिवड्याचा कॅम्प अजून कोणी कसा काढला नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९३९ मध्ये हिटलर पश्चिमेकडून आणि स्टालिन पूर्वेकडून घुसला. पूर्वेकडच्या लाखो पोलिशांना १९४०-४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरिया-कझाकस्तानला नेलं. पुढे हिटलर स्टालिनवर उलटला, तेव्हा सुटका झाली, जनरल अँडर्सने त्यातूनच फौज उभी केली, आणि ती फौज बायकापोरांसकट इराणमध्ये उतरली. त्यातली पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी, १९४३ ते १९४८ वळिवड्याला राहिली. बैठ्या बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं, स्काऊटची पथकं. आमच्या पणजोबांचा दुधाचा रतीब होता तिथे. आजी सांगायची की पोलिश बायका हिशेबाला एकदम चोख, पण दुधात पाणी आढळलं की मराठीत भांडायच्या. कुठल्या शब्दांत ते आजीने कधी सांगितलं नाही.

धाग्याशी संबंध असा की, ही माणसं परत गेली कुठे? पुष्कळशी पोलंडला गेलीच नाहीत. त्यांची गावं सोविएत संघात गेलेली, उरलेल्या देशात मॉस्कोने बसवलेलं सरकार. जुलै १९४५ मध्ये ब्रिटिशांनी लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असे पांगले सगळे. गंमत बघा, हे सगळं घडत असताना आपल्यावरही परक्यांचंच राज्य होतं! आणि कॅम्प रिकामा झाल्यावर तिथे फाळणीतले सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर. कापडाच्या दुकानांतून फिरताना कोणाला सांगून खरं वाटत नाही.

कोल्हापुरात महावीर उद्यानात या लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले होते.

रेल्वेवेडा
वा! हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका हो.

नकाशेवाला
सगळे पोलंडला पीडित म्हणूनच पाहताहेत, म्हणून थोडी उलटी बाजू.

पंचगंगेचा म्हणतात त्या 'त्यांच्या गावांत' पोलिशांशिवाय युक्रेनी, बेलारूसी आणि ज्यूही राहत होते. बऱ्याच भागात पोलिश अल्पसंख्य. युक्रेनी शेतकऱ्याच्या लेखी परकी सत्ता म्हणजे पोलिश जमीनदार. १६४८ चं युक्रेनी कोसॅक ख्मेल्नित्स्कीचं पोलिश सत्तेविरुद्धचं बंड काय उगीच झालं? १६१० ते १६१२ मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये पोलिश फौज बसली होती. ती हुसकावल्याचा दिवस रशिया २००५ पासून ४ नोव्हेंबरला साजरा करतो. दोन महायुद्धांमधल्या स्वतंत्र पोलंडने १९३८ मध्ये पूर्वेकडची शंभरहून अधिक ऑर्थोडॉक्स देवळं पाडली, त्याच वर्षी चेकोस्लोवाकियाचा लचका तोडला. 'सागरी आणि वसाहत संघ' नावाची मोठी संघटना होती, तिला आफ्रिकेत वसाहती हव्या होत्या. १२३ वर्षं गुलामी भोगलेल्या देशाला वीस वर्षांत वसाहती हव्याशा वाटल्या!

आणि सगळ्यात कडेलोट हैतीचा. पोलिश राष्ट्रगीत १७९७ मधलं, इटलीत नेपोलियनबरोबर लढणाऱ्या पोलिश पलटणीसाठी लिहिलेलं. बोनापार्टचं नाव आजही त्यात आहे. त्याच बोनापार्टने १८०२ मध्ये त्या पलटणींतले हजारो सैनिक हैतीला धाडले, काळ्या गुलामांचं बंड मोडायला. स्वातंत्र्यासाठी भरती झालेले लोक दुसऱ्याचं स्वातंत्र्य चिरडायला! बहुतेक पिवळ्या तापाने मेले. काही मात्र बंडखोरांना जाऊन मिळाले. हैतीच्या १८०५ च्या घटनेत गोऱ्यांना जमीन घ्यायला बंदी आहे, पण अपवादांत पोलिश आहेत.

सांजसावली
हैतीबद्दल लिहिल्याबद्दल आभार. पण 'उलटी बाजू'च्या नावाखाली सगळं एका मापाने मोजताय. वसाहतींची ती मंडळं घोषणा देत राहिली, वसाहत एकही मिळाली नाही. रशियातल्या कातिनला आणि इतर ठिकाणी १९४० मध्ये सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी, पोलीस, वकील, प्राध्यापक डोक्यात गोळी घालून मारले गेले आणि मॉस्कोने ते १९९० पर्यंत कबूल केलं नाही. १९४३ मध्ये तेव्हाच्या पूर्व पोलंडमधल्या वोल्हिनियात युक्रेनी बंडखोरांनी हजारो पोलिश खेडूत कापले. हेही सांगा ना.

नकाशेवाला
सांगतोच. ते खरं म्हणून हे खोटं होत नाही, एवढंच म्हणणं आहे. १० जुलै १९४१, येद्वाब्ने. गावातल्या ज्यूंना गावातल्याच पोलिशांनी धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं. गाव जर्मनांच्या ताब्यात होतं, पण काड्या ओढणारे हात शेजाऱ्यांचे. सरकारी तपासातला आकडा किमान ३४० चा. २००० मध्ये हे पुस्तकरूपाने बाहेर आलं तेव्हा अर्धा देश चवताळून उठला. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्कींनी माफी मागितली. आणि २०१८ मध्ये काय केलं, तर नाझींच्या गुन्ह्यांचं खापर पोलिश राष्ट्रावर फोडाल तर तीन वर्षांपर्यंत कैद असा कायदा! जगभर ओरड झाल्यावर जूनमध्ये तुरुंगाचं कलम काढलं.

सांजसावली
त्या कायद्याचं समर्थन मीही करत नाही. मात्र 'पोलिश छळछावण्या' असं परदेशी वर्तमानपत्रं सर्रास छापत होती. आउश्वित्स जर्मनांनी उभारलं आणि चालवलं. त्या शब्दप्रयोगाची चीड येणं समजू शकते. पोलिसाला बोलावणं नाही.

बिनपाण्याचा न्हावी
पॉपकॉर्न बाजूला ठेवला. असे प्रतिसाद खात खात वाचवत नाहीत.

हौशी प्रवासी
वॉर्साला दोन दिवस होतो. शहराच्या मध्यभागी स्टालिनने 'भेट' दिलेला संस्कृती प्रासाद आहे, १९५५ चा, २३७ मीटर उंच. आमचा गाइड म्हणाला, पाडायची मागणी अधूनमधून होतच असते. पाडावा का?

रेल्वेवेडा
एकदा पाडून झालंय! रशियन राजवटीने वॉर्साच्या ऐन चौकात भलंमोठं ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल बांधलं होतं, १९१२ ला पूर्ण झालं. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९२० च्या दशकात पोलिशांनी ते पाडलं. तेव्हाही वर्तमानपत्रांत हाच वाद: गुलामीची खूण की कलाकृती? प्रासादाचं काय करायचं ते तिथल्या लोकांवर सोडा. आत नाटकगृहं आहेत, संग्रहालय आहे, भाडं येतं. भाडं येणारी इमारत सहसा पडत नाही.

विस्तुलाकाठ
आज पोरं त्याच प्रासादाच्या पायऱ्यांवर स्केटबोर्ड खेळतात.

माझा मूळ प्रश्न १९४४ वरून निघाला होता, तिकडे येतो. आकडे असे: ६३ दिवस लढाई, दीड ते दोन लाख नागरिक मेले. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एकट्या वोला भागात जर्मनांनी चाळीस-पन्नास हजार माणसं घराघरांतून काढून गोळ्या घातल्या. २ ऑक्टोबरला शरणागती, त्यानंतर राहिलेलं शहर पद्धतशीर सुरुंग लावून उडवलं. सोविएत फौज विस्तुला नदीच्या पलीकडे बसून राहिली. उठावाचा हेतूच हा होता की रशियन यायच्या आत राजधानी आपल्या हातात असावी. म्हणजे लढाई जर्मनांशी आणि उत्तर स्टालिनला. माझ्या वॉर्साकर सहकाऱ्याचं म्हणणं, आदेश दिला नसता तरी पोरांनी बंदुका उचलल्याच असत्या. पाच वर्षं रोज रस्त्यात पकडून भिंतीशी उभं करून मारत होते.

पंचगंगेचा
अँडर्सचा या उठावाला ठाम विरोध होता. ज्याच्या सैनिकांची बायकापोरं आमच्या वळिवड्यात होती, ज्याने त्याच वर्षी मे महिन्यात इटलीतलं मोंते कॅसिनो घेतलं, त्या माणसाला भित्रा म्हणायची कोणाची छाती नाही. तो मॉस्कोतल्या लुब्यांकाच्या तुरुंगात राहून आलेला, स्टालिन मदत करणार नाही हे त्याला आतून माहीत होतं. म्हणून 'उठावाला विरोध तो देशद्रोही' ही मांडणी मला पटत नाही. कम्युनिस्टांनी १९४६ मध्ये त्याचंही नागरिकत्व काढून घेतलं ते वेगळंच.

सांजसावली
अँडर्स इटलीत होता. वॉर्सात बसून भोवती काय चाललंय हे बघत निर्णय घेणं निराळं. मी आदेश देणाऱ्या सेनापतींना दोष देईन, लढणाऱ्या पोरांना नाही.

कोरडा पाषाण
चला, धाग्यात पहिल्यांदा तुमच्याशी अर्धा सहमत.

गावकूस
दोन लाखांत सेनापती किती होते तेवढं कोणीतरी मोजा. उठावाचा आदेश देणारा सेनापती बोर-कोमोरोव्स्की कैदेतून सुटून लंडनला गेला.

सांजसावली
कैदेत तरी गेला. तार्गोवित्सावाल्यांसारखी जहागीर नाही मिळाली त्याला.

नवा सभासद
नमस्कार, आजच आयडी मिळाला. धागा वरवर चाळला. एक शंका: कोपर्निकस पोलिश की जर्मन?

संपादक
कृपया त्यासाठी वेगळा धागा काढावा.

बिनपाण्याचा न्हावी
काढा काढा. पॉपकॉर्न पुन्हा गरम करतो.